ओल्या टॉवेलचा प्रयोग

नवऱ्याने नेहमीप्रमाणे ओला टॉवेल पलंगावर फेकला आणि सूनबाईला परीक्षेचा विषय सापडला. माणसांच्या सवयी बारकाईने पाहून त्या बदलायच्या कशा, याचं ती शिक्षण घेत होती. घरातल्या कुणाची तरी एक सवय बदलून दाखवायची होती. जमलं तर मुलांना चांगल्या सवयी लावणाऱ्या केंद्रात काम मिळणार होतं, नाहीतर वर्ष पाण्यात.

तिच्या मॅडमचा व्याख्यानांवर विश्वास नव्हता. नुसतं ऐकून कुणी पोहायला शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या आधी सांगत, मग करून दाखवत, मग करून घेत आणि जमलं की तिथल्या तिथे शाबासकी देत. स्वतःची चूक स्वतः शोधणाऱ्याची तर खुर्चीतून उठून पाठ थोपटत.

सूनबाईने तोच कित्ता गिरवला. टॉवेल दोरीवर कसा वाळत घालायचा ते नवऱ्याला करून दाखवलं आणि त्याने तो उचलला रे उचलला की तोंडभर कौतुक केलं. लग्नानंतर एवढं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. गडी खुलला. थोड्याच दिवसांत न सांगता टॉवेल उचलू लागला.

सासूबाईंना हे थेर वाटले. लहानपणी याला एक धपाटा पुरायचा, असं त्या म्हणाल्या. पण कौतुक फुकट वाटलं जातंय म्हटल्यावर त्याही चष्मा जागेवर ठेवू लागल्या.

मॅडम घरी पाहणीला आल्या त्या दिवशी नवऱ्याने टॉवेल पलंगावर टाकला, लगेच उचलला, दोरीवर घातला आणि बायकोकडे पाहिलं. तिने शाबासकी दिली. मग त्याने कपाटातले घडी केलेले कोरडे टॉवेल काढून पलंगावर फेकायला सुरुवात केली.

"अहो, हे काय करताय?"

"टाकल्याशिवाय उचलणार काय?" तो भाबडेपणाने म्हणाला.

केंद्रातलं काम गेलं, असंच सूनबाईला वाटलं.

"मॅडम, चूक माझीच," ती म्हणाली. "मी उचलण्याचं कौतुक केलं. पलंग मोकळा राहिला तेव्हा एक शब्द बोलले नाही."

मॅडम उठल्या आणि त्यांनी तिची पाठ थोपटली. "शाबास. स्वतः शोधलीस. पास."

सूनबाईला आभाळ ठेंगणं झालं. त्या भरात तिने सांगून टाकलं, "मॅडम, माझ्या निरीक्षणाच्या नोंदींतही एक चूक आहे."

मॅडमचा हात पुन्हा उठला आणि हवेतच थांबला. "ती कधी केलीस?"

"आज सकाळी. तुम्ही येणार म्हणून, मुद्दाम."

मॅडमनी टॉवेलांच्या ढिगाकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. वर्गातली मुलं हल्ली इतक्या चुका का करतात, हे कोडं त्यांना बरेच दिवस सुटत नव्हतं.

"म्हणजे चूक माझीच की," त्या हळूच म्हणाल्या.

कोपऱ्यात बसून सगळं ऐकणाऱ्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी मॅडमची पाठ थोपटली. "शाबास हो. स्वतः शोधलीत."

मॅडमचा चेहरा उजळला. क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "तशी माझी आणखी एक चूक आहे."