आत गेलेली पावले

अकोल्यात शेषराव इंगळ्यांच्या अंगणातली शहाबादी फरशी ओली असली की कोरी दिसे आणि वाळली की तिच्यावर फाटकापासून उंबऱ्यापर्यंत तान्ह्या मुलाच्या पावलांएवढी पांढरी पावले दिसत. सगळी आत जाणारी. परतणारे एकही नाही.

ती महालक्ष्मीची पावले होती. शेषरावांच्या पत्नी सुंदराबाईंनी सणाला पांढऱ्या लेपात मूठ बुडवून स्वतः उमटवलेली आणि देवी बोळवल्यावर ओल्या फडक्याने स्वतःच पुसलेली. ऊन पडताच ती परत आली. सुंदराबाईंचा निष्कर्ष सरळ होता: देवी गेलीच नाही.

तिकडे परतवाड्याला मुलीचे, भावनाचे, दिवस भरत आले होते. सुंदराबाईंची बॅग भरून तयार होती. त्या मात्र रोज आंबील आणि पुरण रांधून नैवेद्य दाखवत होत्या.

"घरात पाव्हणी ठेवून मी लेकीकडं कशी जाऊ?"

"अवं, फरशीवर काईतरी चिकटलं हाय."

"देवीले काईतरी म्हनता?"

शेषराव महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी साबण वापरला, ब्रश घासला. ऊन फाटकाकडून सरकत येई, फरशी तशी वाळे आणि पावले एकामागून एक उंबऱ्याकडे येत. एकदा उंबऱ्यात उभ्या असलेल्या शेषरावांनी नकळत बाजूला होऊन वाट दिली.

यानंतर त्यांनी संडास धुण्याचे ॲसिड बोळ्याने नेमके पावलांपुरते लावले. पावलांवर फेस आला, पांढरा थर निघाला. फरशी वाळली तेव्हा पावले जागच्या जागी होती. आता ती बोटांना खरखरीत लागत आणि पाणी टाकूनही लपत नव्हती. शेजारच्या मैनाबाई येऊन प्रत्येक पावलावर हळदकुंकू वाहून गेल्या.

"आता तं रुतूनच बसली," सुंदराबाई म्हणाल्या आणि बॅगेतली लुगडी बाहेर काढू लागल्या.

लेप कशाचा होता हे पाहण्यासाठी शेषरावांनी देवघरातला रांगोळीचा डबा उघडला. ओला हात लागलेली पूड आत दगड झाली होती. त्यांनी डबा पत्नीपुढे उपडा करून ठोकला. काही पडले नाही.

"रांगोळीचा असा गोटा होते का?"

सुंदराबाईंनी नखाने टोकरून पाहिले. "मंग ह्यात सिमेंट कोनं भरलं?"

शेषरावांनी डब्याचे झाकण लावले. सुंदराबाईंनी लुगडी पुन्हा बॅगेत घातली. "मी येतो तवर आंबील तुमीच संपवा," म्हणून त्या परतवाड्याच्या बसने निघाल्या.

फरशीच्या सांधेभरणीतून उरलेले पांढरे सिमेंट वाया जाऊ नये म्हणून शेषरावांनी रांगोळीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले होते. पुसल्यावर राहिलेला त्याचा पातळ थर ओलाव्यात दिसत नसे. ॲसिडने तो थर गेला. पण शहाबादी दगड चुनखडीचा असल्याने खालचा दगडही पावलांच्याच आकारात खाल्ला गेला.