बांडीला गाठी आल्या!

"जनावराला लांबनं बघून काय बी ठरवू नगंस, दीपमाला. आधी हात लावून बघावं."

हे सासूबाईंनी, म्हणजे सारजाबाईंनी, मला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. मी हसून सोडून दिलं. हात कशाला लावायचा? मी धाराशिवच्या कॉलेजातून मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली! कशाकशाला हात लावू नये, याचंच तर माझं शिक्षण झालंय!

तर यंदा श्रावणात लंपी आली, जनावरांच्या अंगावर गाठी उठवणारी साथ. भूमचा जनावरांचा बाजार बंद झाला आणि गावात सरकारी आदेश लागला. जनावरांची ने-आण बंद, मिरवणुका बंद, आजारी जनावर वेगळं बांधा, संशय आला की ताबडतोब कळवा! गावानं तो आदेश वाचला. मी पाठ केला. कारण माझी हर्षाली, नुकतीच धावायला लागलेली, दिवसभर आमच्या बांडीच्या गळ्यात पडलेली असते. लंपी माणसाला होत नाही, हे मला माहीत आहे. ते लंपीला माहीत आहे का, एवढाच माझा प्रश्न होता!

बांडी ही सासूबाईंची देवणी गाय. त्यांना माहेराहून आंदण मिळालेल्या गाईची नात. घरात पहिला मान तिचा, मग तिच्या वासराचा, मग हर्षालीचा. मी आणि माझे मिस्टर योगीराज, आम्ही दोघं कडब्याच्या आसपास कुठंतरी येतो.

मी जाहीर केलं, "आत्या, आता या घरात सगळं कायद्यानं होणार! पाल्याचा लेप नाही, अंगारा नाही, धुरी नाही!"

"व्हय बाई," सासूबाई म्हणाल्या.

सासू इतक्या पटकन 'व्हय' म्हणाली की सुनेनं सावध व्हावं. मी खूश झाले!

आणि एका सकाळी बांडीच्या अंगावर गाठी दिसल्या! मानेवर, पाठीवर, मांडीवर, जणू कुणी भिजवलेले हरभरे चिकटवलेत! मी ओट्यावरूनच मोबाईलनं फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. मोठा केल्यावर गाठी आणखीच मोठ्या दिसल्या!

योगीराज दात घासत आले. "हात लावून बघितलंस का?"

"तुम्हीपण तेच!" मी म्हटलं आणि सरपंच गुंडाप्पांना फोन लावला. कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, तसं आदेशातच लिहिलंय!

मला वाटलं, कुठंतरी गुपचूप एक सरकारी नोंद होईल. गुंडाप्पांनी थेट देवळावरचा भोंगा चालू केला! "सूचना! योगीराजच्या घरी लंपी आलेली हाय! त्या आळीला कुणी फिरकू नये!" निम्म्या गावानं योगीराजलाच गाठी आल्या असं धरून चालायला सुरुवात केली. आमच्या आळीचं दूध डेअरीनं परत धाडलं. शेजारच्या प्रेमलाकाकू नाकाला पदर लावून कुंपणापलीकडून ओरडल्या, "पोळा तोंडावर आला अन् ही फोन करती! शिंगाचा रंग आता नवऱ्याच्या मिशीला लावू व्हय?"

सासूबाई पाण्याची घागर घेऊन आल्या, गाठींकडं बघितलं आणि घाईघाईनं पदराला हात पुसले. मला वाटलं, धक्का बसला.

"आत्या, बांडीला मळ्यातल्या शेडात वेगळं बांधायचं. वासरू इथंच राहील."

"वासराबिगर?" सासूबाईंनी वासराला जवळ ओढलं. "आगं, ती हंबरून मरंल."

"आदेश आहे आत्या!"

"मग मी बी तिच्यासंगं वेगळी ऱ्हाते." त्यांनी घोंगडी उचलली आणि गाय सोडली.

मी हटले नाही. शेडभोवती चुन्याची रेघ मारली, दारात फिनेलची बादली ठेवली, 'प्रवेश बंद, आदेशावरून' असा बोर्ड टांगला. घरी वासरू आणि हर्षाली यांनी आळीपाळीनं हंबरडा फोडला. रडू देत! नियम म्हणजे नियम!

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर अमरसिंह साहेब आले. बांधावर सगळं गाव जमलं. साहेब हातमोजे चढवत होते, तेवढ्यात हर्षाली योगीराजच्या कडेवरून सटकली, धावत बांडीपाशी गेली, मानेवरची एक गाठ उपटली आणि तोंडात टाकली!

मी अशी किंचाळले की देवळावरच्या भोंग्याला कमीपणा वाटावा! रेघ, बादली, कायदा, सगळं ओलांडून मी शेडात उडी मारली आणि लेकीच्या तोंडात बोट घातलं.

"गोड," हर्षाली म्हणाली. मग तोंड वाकडं केलं. "कडू!"

डॉक्टरांनी एक गाठ खरवडली, हुंगली. "हळद. कडुलिंब. आणि... गूळ?"

"गुळाबिगर पाला चिकटत न्हाय," गव्हाणीमागून आवाज आला.

माझ्या लेकीनं भर श्रावणात पाडवा साजरा केला होता!

"आत्या! सांगितलं का नाही?"

"तू लेप बंद केल्तास. सांगितलं आसतं तर कायदा दावला आसतास. म्हणून तू उठायच्या आत लावत हुते."

गाव हसून हसून बांधावरून घसरलं. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बांडीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर तपासला. "आजी, हिला लसच दिलेली नाही. लसीच्या दिवशी गाय कुठं होती?"

"वढ्याला. पाणी प्यायला."

"दिवसभर?"

"लई तहान हुती."

मी जिंकले! लस तिथल्या तिथं दिली गेली. सुई बांडीला टोचली, कळवळल्या सासूबाई. डॉक्टर म्हणाले, "गुळानं लंपी जात नाही, आजी. गाय थोडे दिवस इथंच निवांत राहू द्या. वासरू मात्र आणून सोडा."

वासरू आलं आणि असं लुचायला लागलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"चला आत्या, घरी."

"मी? मी वेगळी हाय. अन् तू रेघंच्या भाईर थांब! बोर्ड वाचता येतोय न्हवं? बी.एस्सी. हायस!"

तेव्हापासून त्या तिथंच आहेत. चुन्याची रेघ रोज नव्यानं मारतात. हर्षाली फिनेलच्या बादलीत पाय बुडवून आत जाते, योगीराजही जातात. प्रवेश बंद फक्त मला! मी डबा रेघेवर ठेवते. कालचा डबा भरलेलाच परत आला आणि शेडातून खोकल्याचा आवाज आला. मी बांधावरून फोटो काढला, मोठा करून पाहिला. खोकला फोटोत दिसत नाही. योगीराज म्हणतात, आई बरी आहे. पण लसीच्या दिवशी 'गाय ओढ्यावर गेलीय' हेही त्यांनीच सांगितलं होतं!

तेव्हा एक विनंती. तुमच्यापैकी कुणी भूमहून आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकडं निघणार असाल, तर आमच्या मळ्यापाशी जरा थांबा. पत्र्याचं शेड, भोवती पांढरी रेघ, चुकायचं नाही. सासूबाई जेवल्या का, एवढं विचारा. मी पाठवलं म्हणून सांगू नका. आणि 'बरी हाय' म्हणाल्या, तर लांबूनच ऐकून परत फिरू नका हो. कपाळाला हात लावून बघा.