शुगर उतरत नाही, पडते

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वाचारला शमीम सिस्टरवर अन्याय झाला. जिथे माझे काका नऊ दिवस बेशुद्ध होते, त्या वाशीमच्या दवाखान्यातल्या अतिदक्षता वॉर्डात सिस्टरांच्या हातात नोटीस ठेवली गेली : पेशंटची शुगर उतरत असताना डॉक्टरांना न विचारता इन्शुलिन बंद का केलं? सिस्टरांनी लाल पेन काढला, 'उतरत' खोडून 'पडत' लिहिलं आणि मग 'मिळाली' म्हणून सही केली.

अशी ही बाई. तिच्या वॉर्डात 'शुगर उतरली' म्हणायला बंदी. मी नवखा. काकांची शुगर तीनशेवरून सत्तरवर आलेली ऐकून म्हणालो, "उतरली ना? पेढे आणतो!"

"पेढे कायले? ताप उतरते, दारू उतरते. शुगर पडते! चढलेली बोंबलते, पडलेली गुपचूप नेते. अन् तुमी म्हणता, झोपला हाये बिचारा."

दर तासाला बोट टोचताना त्या बेशुद्ध माणसाशी बोलत. "काका, आता करंगळीची पाळी." अंगठ्याला मात्र सुई कधीच नाही. "घरी गेल्यावर रेशनच्या मशीनवर उमटला पाह्यजे ना बाप्पा!" डॉक्टर हसायचे.

नोटिशीच्या आधीच्या रविवारी काकांची शुगर पन्नासवर आली. डॉक्टरांना तीन फोन केले, एकही उचलला गेला नाही. सिस्टरांनी इन्शुलिनचा पंप बंद केला, शिरेतून ग्लुकोज दिलं. काका वाचले. आणि म्हणे नियम मोडला! खाट राखायची नर्सनं, आकडा बघायचा नर्सनं आणि पंप थांबवायचा तो फोन उचलला गेला तरच? हा कसला नियम?

तावातावानं मी हे पत्रक लिहिलं. घाईत एके ठिकाणी 'उतरली' राहून गेलं. वाचायला दिलं तेव्हा सिस्टरांनी ते खोडलं, पण या वेळी ओरडल्या नाहीत.

"मांगं एकदा मंगरूळपीरहून अम्मीच्या शेजारणीचा फोन आल्ता," त्या म्हणाल्या. "म्हने, अम्मीची शुगर उतरली, आता आरामात निजून राह्यल्या. मी म्हनलं, चला, बरं झालं. ड्युटी पुरी करून गेली मी, तं अम्मी उठलीच नाही."

पेनाचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग काकांची बोटं टोचायला उठल्या.

हळहळ नको आहे, वाचकहो. दवाखान्यानं नोटीस मागे घ्यावी आणि शुगर पडली की पंप थांबवायचा अधिकार नर्सला लेखी द्यावा, एवढीच मागणी आहे. काका शुद्धीवर आलेत. सगळ्यात वर त्यांचा अंगठा आहे, स्वच्छ उमटलाय. त्याच्याखाली सही करा.