नवीजवळ गेली ती नवी

"नवीजवळ गेली ती नवी! मग ती कुणी का असेना," जेलरबाईंनी शिपाईणीला सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं. बोलताना आवाज फाटत होता. ओरडून ओरडून घसा बसलाय, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि त्यांचं ओरडणं ऐकलेल्या कुणालाही ते पटलं असतं.

साथ आल्यापासून बायकांच्या त्या तुरुंगात बाहेरून येणाऱ्या कैदीला "नवी" म्हणत. नवीनं आधी शिवणखोलीत एकटीनं मुदत काढायची, नाकात काडी फिरवून घ्यायची आणि मगच मोठ्या बराकीत पाय ठेवायचा. याला विलगीकरण म्हणतात, हे बाईंनी सांगून पाहिलं होतं. पण शिपाईणीनं त्याचं "विरघळीकरण" केल्यावर त्यांनी तो नाद सोडला. मोठ्या बराकीत दम्याच्या म्हाताऱ्या होत्या, आयांबरोबर राहणारी तान्ही पोरं होती. साथ आत शिरली असती तर त्यांना पळायलाही जागा नव्हती. कुणी पळू नये म्हणूनच तर इमारत बांधलेली. बाई सगळ्यांना दोन हात लांब उभं करत, फळ्यासमोरच्या पोरांसारखं. लोक मागून हसत, पण इतक्या दिवसांत तिथं एकही बाई आजारी पडली नव्हती, हेही खरंच.

दुसऱ्या दिवसापासून बाईंची रजा होती. लेक बाळंत होऊन गावच्या घरी आली होती आणि नात त्यांनी अजून फोनवरच पाहिली होती. टेबलाखाली बॅग भरून तयार होती. वर स्वतः विणलेलं टोपडं, एका कानाला जरा मोठं.

त्या दिवशीची नवी होती पाकीटमार. आल्या आल्या तिनं गजांतून शिपाईणीला विचारलं, "इथं कुणी आजारी पडलं तर काय करता हो?"

"दवाखान्यात नेतो."

पाकीटमारणीचे डोळे चमकले. दवाखाना म्हणजे गर्दी, आणि गर्दीत दिसेनासं होणं हा तर तिचा धंदा. दुपारी बाई फेरी मारत खिडकीशी आल्या तेव्हा ती "आई गं!" म्हणून जमिनीवर कोसळली. पडली इतकं सुंदर, की खरी चक्कर आलेल्या बाईलाही तसं जमलं नसतं.

सांगणाऱ्याला इथं बाईंचं कौतुक वाटतं ते उगाच नाही. संरक्षक पोशाख कपाटात होता आणि कपाट ऑफिसात. बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "उघड!" म्हणत आत धावल्या आणि पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. धावपळीत मास्क हनुवटीवर आला. तोंडावर पाणी मारलं, नाडी पाहिली. नाडी एकदम ठणठणीत होती. मग बाईंनी मान वर केली, स्वतःकडे पाहिलं आणि मास्क नीट लावला.

"कुलूप लाव," त्या शिपाईणीला म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला. मी आता नवी."

"अहो मॅडम, कुणी बघितलंय? या की बाहेर. उद्या नातीकडं जायचंय ना तुम्हाला?"

बाईंनी दार आतून ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना काय सांगू, कुणी बघितलं नव्हतं म्हणून? लाव."

कुलूप लागलं, आणि मग लक्षात आलं की कोठाराच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला आहेत. म्हणजे किल्ल्याही नव्या! शिपाईणीनं गजांशी साबणाच्या पाण्याची बादली धरली, किल्ल्या धपकन आत पडल्या, आणि त्यांची आंघोळ होईपर्यंत सगळ्या तुरुंगाचा स्वयंपाक खोळंबला.

संध्याकाळची गिनती घेताना कारकुनाला घाम फुटला. एक बाई जास्त भरत होती. त्यानं मोठ्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, गिनती जुळत नाही."

"कोण पळाली?" साहेब ओरडले.

"पळाली नाही साहेब. आली."

"कोण आली?"

"आपल्या जेलरबाई."

कैदी पळाली तर काय करायचं ते साहेबांना पाठ होतं. जेलर आत घुसली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात हाल झाले ते पाकीटमारणीचे. दवाखाना राहिला बाजूलाच, आणि आता पलीकडच्या कोपऱ्यात चोवीस तास जेलर! हात धू, लांब बस, खोकताना तोंड झाक. ती गजांना धरून कळवळली, "कोर्टानं मला आत टाकलं, कबूल! पण सोबत जेलर देईन असं जज्जसाहेब बोलले नव्हते हो!"

दोन दिवसांनी नाकातल्या काड्यांचा निकाल आला. शिपाईण खिडकीशी येऊन घुटमळू लागली.

"सांग ना. नवीला आहे?"

"तिला काही नाही, मॅडम," शिपाईण म्हणाली. "तुम्हाला आहे."

म्हणजे घसा ओरडून बसला नव्हता. टेबलाखालची बॅग, ते टोपडं, रजेत मांडीवर घेतली असती ती नात, सगळं बाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि अंगावर काटा आला. बाकी सगळ्यांच्या काड्याही तपासल्या; एकीलाही लागण नव्हती. दोन हात लांब उभ्या राहून राहून मागून हसणाऱ्या सगळ्या वाचल्या होत्या.

पाकीटमारीण भिंतीला चिकटून उभी होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "एक सांगू? मला चक्कर आलीच नव्हती."

शिपाईणीनं कानावर हात ठेवले. बाईंचे डोळे भरून आले.

"बरं झालं पडलीस," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पण मुदत आता पहिल्यापासून. तू माझ्याजवळ होतीस."

संध्याकाळी गिनती घ्यायला कारकून खिडकीशी आला. "आत किती?"

"दोन!" पाकीटमारीण आतून ओरडली. "दोघी नव्या! आणि बाईंच्या घरी फोन लावा. तिथल्या नवीला म्हणावं, आजी मुदत काढूनच येणार!"