कार्यालयीन वेळेतली भरती

मुरबे आणि सातपाटी या दोन गावांच्या मधे खाडी आहे. खाडीत पाणी असते तेव्हा होडी चालते आणि नसते तेव्हा चिखल असतो. ही गोष्ट दोन्ही गावांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. शासनाच्या निदर्शनास ती १९८३ च्या मार्च महिन्यात आली. त्या महिन्यात पाहणीला आलेले एक वरिष्ठ अधिकारी होडीसकट गाळात रुतले आणि दोन कोळणींनी त्यांना काखेत धरून काठावर आणले. अधिकारी सुखरूप होते. बूट सापडले नाहीत.

महिन्याभरात आदेश निघाला. खाडीकाठी ‘भरती-नोंदणीस’ असे वर्ग चारचे एक पद निर्माण करण्यात आले. नोंदणीसाने पाणी आले की वहीत नोंद करावी, लाल निशाण लावावे, आणि निशाण असेल तेव्हाच, एका भरतीस एक फेरी याप्रमाणे, होडी सुटावी. पात्रता: सातवी पास, सायकल चालवता येणे आणि सामान्यज्ञानाची शंभर गुणांची लेखी परीक्षा. पोहता येण्याची अट नव्हती.

मुरब्याच्या चंद्रकांताने अर्ज केला. ती दहावीपर्यंत शिकली होती आणि लग्नानंतरची नऊ वर्षे सासू राहीबाईबरोबर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन होडीने सातपाटीला आणि तिथून एस्टीने पालघरच्या बाजारात जात होती. तिची मान आखडली होती. खुर्ची असलेली नोकरी मिळावी एवढीच तिची इच्छा होती, आणि खुर्ची खाडीकाठी असेल तर सोन्याहून पिवळे.

तिने तीन महिने अभ्यास केला. बोंबील वाळत घालताना ती मोठ्याने पाठ करी: माणसाच्या अंगात हाडे दोनशे सहा, पानिपतची तिसरी लढाई सतराशे एकसष्ट, मधमाशीला डोळे पाच, ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा.

“मधमाशीच्या डोल्यांचं राहू दे,” राहीबाई म्हणाली. “बोंबलाचं काय इचारतील ना?”

“नाय आई. बोंबील पुस्तकात नाय.”

“मग पुस्तक लिवणारा जेवतो तरी काय?”

परीक्षा बोईसरच्या एका शाळेत झाली. चंद्रकांताच्या शेजारच्या बाकावर सालवडला राहणारा शिवाजी नावाचा तरुण होता. तो घाटावरून आलेला, रंगाच्या कारखान्यात पाळ्या करणारा. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे होते आणि समुद्र त्याने एकदाच, तोही कॅलेंडरवर, पाहिला होता. पण प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्याला पहिल्या पानापासून प्रकाशकाच्या पत्त्यापर्यंत तोंडपाठ होते.

सत्तेचाळिसावा प्रश्न होता: ‘भरती किती वेळा येते?’ चंद्रकांताला हसू आले. शंभरात एक तरी प्रश्न आपल्या घरचा निघाला म्हणून तिने उत्तर कोरीव अक्षरात लिहिले: ‘दिवसातून दोनदा.’

निकाल लागला. शिवाजी शंभर, चंद्रकांता नव्याण्णव.

पालघरच्या कार्यालयात पुंजारामसाहेब बसत. ते कागदावर जे असेल ते मनापासून मानणारे गृहस्थ होते. चंद्रकांता त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा त्यांनी तिची उत्तरपत्रिका आदराने उलगडली.

“प्रश्न सत्तेचाळीस. आपले उत्तर दोनदा. उत्तरसूचीतले उत्तर एकदा.”

“साहेब, पानी दोनदा येतं. माझ्या आजाच्या वेळी पण दोनदाच येत होतं.”

“आपल्या आजोबांनी उत्तरसूची पाहिली होती का?”

प्रश्नपत्रिका आस्थापना शाखेने काढली होती. त्या शाखेतल्या लिपिकांना एकच भरती माहीत होती, नोकरभरती, आणि ती वर्षातून एकदाच होते, तीही झाली तर. त्यांनी प्रामाणिकपणे ‘एकदा’ लिहिले. शिवाजीनेही हाच विचार करून ‘एकदा’ लिहिले होते. पुढे कोणीतरी सूची स्वच्छ टंकताना, प्रश्न निसर्ग विभागात आहे हे पाहून, ‘दिवसातून’ हा शब्द काळजीपूर्वक घातला.

“मग चूक सुधारा ना,” चंद्रकांता म्हणाली.

“सुधारता येईल. आक्षेप परीक्षेच्या सात दिवस आधी नोंदवायचा असतो.”

“परीक्षेच्या आधी प्रश्न कसा कळणार?”

“नाही कळत. म्हणूनच आजवर एकही आक्षेप आलेला नाही. परीक्षेनंतरचा आक्षेप नापास झाल्याच्या रागातून आलेला असतो असे धरले जाते.”

“मी रागात नाय. तुमी खाडीवर चला. डोल्यांनी बघा.”

पुंजारामसाहेबांना हे पटले. प्रत्यक्ष पाहणीला नियमात जागा होती. त्यांनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली.

समिती पौर्णिमेला आली. साडेदहाला खुर्च्या मांडल्या गेल्या. सव्वाअकराच्या सुमारास उधाणाचे पाणी भरभरून आले, खुर्च्यांच्या पायांना लागले, आणि समितीने समाधानाने ‘एक’ असे लिहिले. मग पाणी उतरू लागले. सव्वापाचला खाडीत बगळे चालत होते. समिती उठली.

“साहेब, थांबा,” चंद्रकांता म्हणाली. “जेवून घ्या आमच्याकडे. रातच्याला परत भरतं.”

“कार्यालय साडेपाचला सुटते,” पुंजारामसाहेब म्हणाले. “त्यानंतर समुद्र काय करतो हा त्याचा खाजगी प्रश्न आहे.”

पंचनामा झाला: भरती दिवसातून एकदा येते. शिवाजी रुजू झाला. त्याला पत्र्याची खोली, खुर्ची, निशाण आणि एक जाड वही मिळाली. वहीत दर दिवसाला एकच रकाना होता. त्याने मुरब्यातच भाड्याने जागा घेतली आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या लक्षात आले की आपण भलत्याच भरतीत भरती झालो.

आता होडी रोज एकच फेरी करू लागली. सोमवारी ती मुरब्याहून सातपाटीला जाई आणि मंगळवारी सातपाटीहून परत येई. होडीवाला महादू नियमाने चालला होता, कारण परवाना त्याच्या नावावर होता. सोमवारी गेलेल्या बायका सोमवारी परत येऊ शकत नव्हत्या. रस्त्याने जायचे तर बोईसरवरून एवढा मोठा वळसा, की बाजारात पोचेपर्यंत मासळी ही मासळी राहत नसे. त्यामुळे मुरब्याच्या बायका सातपाटीत भावाकडे, मावशीकडे, आणि नातेवाईक संपल्यावर ओळखीच्यांकडे राहू लागल्या. मुरब्यात पुरुष भात शिजवू लागले. भात कधी चिकट होई, कधी करपे, आणि एकदा महादूच्या घरी तो भात आहे की खळ यावर शेजाऱ्यांत वाद झाला.

चंद्रकांताने अपील केले. वरच्या कार्यालयाची अपील समिती आली ती अष्टमीला.

चंद्रकांताने तिथी ऐकली आणि बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तिला आईने शिकवले होते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पाणी सकाळी सहाला येऊन गेलेले आणि आता संध्याकाळी सहाला येणार. मधे नुसता गाळ.

“आज नको साहेब,” ती म्हणाली. “आज भांगाची, कमी पान्याची भरती. सांच्याला बघा.”

“आमची गाडी साडेतीनला आहे,” अपील समितीचे अध्यक्ष म्हणाले.

समिती अकरा ते अडीच बसली. चिखलात निवट्या, गाळातले ते बोटभर मासे, उड्या मारत होत्या. अडीचला गाळातून पाण्याची एक बारीक रेघ सरकत येताना दिसली. चर्चेअंती तिला ‘ओलावा’ असे संबोधण्यात आले. अहवालात लिहिले: ‘भरती आढळली नाही. जनतेच्या मनात याबाबत गैरसमज दिसतो.’

आता एका समितीचा निष्कर्ष एक होता आणि दुसरीचा शून्य. दोन्ही समित्या रीतसर नेमलेल्या होत्या, त्यामुळे कोणालाही खोटे ठरवणे शक्य नव्हते. पुंजारामसाहेबांनी तीन दिवस फाइल जवळ ठेवली आणि सरासरी काढली. भरती दिवसातून अर्धी वेळा, म्हणजे दिवसाआड एकदा, येते असे परिपत्रक निघाले. होडी दिवसाआड झाली.

राहीबाई तेव्हा सातपाटीत अडकली होती. तिला दमा होता, औषधाची बाटली मुरब्यात होती, आणि होडीच्या एकाही फेरीत जागा मिळत नव्हती म्हणून ती तिथेच राहिली. चंद्रकांता रोज खाडीकाठी जाऊन उभी राही. पलीकडून सासू पदर हलवी. मधे भरपूर पाणी असे आणि पत्र्याच्या खोलीवर निशाण नसे. पाचव्या दिवशी पदर हलला नाही, तशी चंद्रकांता साडी खोचून पाण्यात उतरली आणि बाटली डोक्याला बांधून पोहत गेली. राहीबाई नुसती झोपली होती. चंद्रकांता बाटली तिच्या उशाशी ठेवून पोहत परत आली.

काठावर शिवाजी उभा होता. त्याने टॉवेल पुढे केला.

“ताई, मला दिसतं हो. सकाळी येतं, संध्याकाळी येतं. पण रकाना एक, आणि आता तर तोही एक सोडून एक.”

“मग सांगा ना कुणाला तरी.”

“विचारलं तर सांगीन,” शिवाजी म्हणाला.

विचारण्याची वेळ लौकरच आली. भरती अर्धी ठरल्यामुळे शिवाजीचे ‘एकदा’ हेही उत्तर चुकले होते. त्याचा एक गुण कापला गेला आणि दोघे उमेदवार नव्याण्णववर आले. दोघांची तोंडी फेरपरीक्षा ठेवण्यात आली. प्रश्न एकच होता.

आधी शिवाजी आत गेला.

“भरती दिवसातून किती वेळा येते?” पुंजारामसाहेबांनी विचारले.

“दोनदा साहेब. तीन महिने रोज बघितलं.”

“पण तुमच्या वहीत तर एकदाच आहे.”

“वहीत रकाना एकच आहे.”

“म्हणजे आपण तीन महिने खोट्या नोंदी केल्यात?”

शिवाजी बाहेर आला. चंद्रकांता बाकावर बसली होती. तिने घरून पाऊणपटीचा सगळा हिशेब कागदावर लिहून आणला होता, पंधराही तिथींचा.

“काय विचारलं?”

“तेच.”

“तुमी काय सांगितलं?”

“खरं.”

“मग?”

“निशाण आणि वही जमा करायला सांगितलीय.”

चंद्रकांताने हातातला कागद चार घड्या करून कमरेला खोचला आणि आत गेली. पुंजारामसाहेबांनी प्रश्न विचारला. आपल्या आईचे नाव कोणी विचारावे आणि आपण भलत्याच बाईचे सांगावे, तसे तिला वाटत होते.

“अर्धी,” ती म्हणाली.

“कारण?”

“दोन समित्यांची सरासरी.”

पुंजारामसाहेबांनी पेन खाली ठेवले. नोकरीच्या एकवीस वर्षांत इतके निर्दोष उत्तर त्यांनी ऐकले नव्हते. तिला शंभर गुण मिळाले.

चंद्रकांता खुर्चीवर बसली त्या दिवशी तिने महादूला बोलावले.

“महादूभाऊ, साडेपाचनंतर हे कार्यालय बंद. मग पानी कुणाचं?”

“आपलं,” महादू विचार करून म्हणाला.

“सकाळी साडेदहाच्या आधी?”

“तवापण आपलंच.”

“आणि दुपारी भरलं तर?”

“तवा काय करायचं?”

“तवा मी जेवायला जाते. जेवताना मला खाडी दिसत नाय.”

होडी पहिल्यासारखी चालू लागली. राहीबाई घरी आली, आणि मुरब्यातल्या पुरुषांनी भाताची पातेली आनंदाने परत केली. महादूला एक मदतनीस लागत होता. शिवाजी त्याच्याकडे वल्हे मारायला शिकला आणि त्याच्या हातांचा जांभळा रंग हळूहळू उतरला. वहीत दिवसाआड एक नोंद सुवाच्य अक्षरात होत राहिली. एकही नोंद चुकीची निघाली नाही, कारण जे काही घडत होते ते नोंदीच्या बाहेर घडत होते. दोन वर्षांनी त्या वहीला उत्कृष्ट अभिलेखाचे प्रशस्तिपत्र मिळाले.

परिपत्रकातले उत्तर पुढच्या वर्षी प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात छापून आले. चंद्रकांताची मुलगी हंसा तेव्हा चौथीत होती. चाचणीत तिने ‘दोनदा’ लिहिले आणि तिचा गुण गेला. ती रडत घरी आली.

“आये, दोनदाच येते ना गं?”

“दोनदाच येते, बाय,” चंद्रकांता तिचे डोळे पुसत म्हणाली. “पण पेपरात अर्धी लिव. खाडीचं खाडीला, पेपराचं पेपराला.”

हंसा पुढे हुशार निघाली आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या खात्यात लागली.

ही हकिगत वाचताना वाचकांना पुंजारामसाहेबांचे हसू आले असेल. येणे साहजिक आहे. मात्र मधेच कुठेतरी, ‘दोनदाच ना नक्की?’ असे म्हणून आपण शेजारच्याला हळूच विचारले असेल, आणि त्याने मान डोलावल्यावर निश्चिंत होऊन पुढे वाचले असेल. शेजारच्याला कोणी सांगितले हे आपण विचारले नाही. त्यानेही हे कुठेतरी वाचलेलेच होते.