मास्तरांच्या सिंफनीचं शेवटचं पान

सकाळी साडेसातला पिंड ठेवला होता आणि साडेनऊ वाजले तरी कावळा शिवला नव्हता. अवसरी बुद्रुकच्या ओढ्याकाठी दोनशे माणसं उन्हात ताटकळत बसली होती. प्रवचन झालं. श्रद्धांजलीची पाच भाषणं झाली, त्यातली तीन तर मास्तरांना जन्मात न भेटलेल्या पुढाऱ्यांनी केली. बाभळीवर कावळे होते, चांगले नऊ होते, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हते. तिकडे मांडवात आमटी निवत चालली होती, आणि कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाही हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

सावळेराम बँडमास्तरांची बायको साळुबाई पिंडापासून चार हातांवर पदर घट्ट धरून बसली होती. गेलेल्याची इच्छा मागे राहिली की कावळा शिवत नाही. आपल्या नवऱ्याची कुठली इच्छा राहिली हे तिला पक्कं माहीत होतं. ती आपल्यामुळे राहिली, हेही माहीत होतं. म्हणून ती बाभळीकडे मान वर करून बघतच नव्हती.

भावकीतले वडीलधारे चिमाजी पुढे झाले. "सावळेराम, साळूची काळजी करू नको. भरत तिला अंतर देनार न्हाई."

भरत म्हणजे मास्तरांचा पुतण्या. मुंडन केलेला, उघडा, ओल्या धोतरात. मूलबाळ नसलेल्या मास्तरांनी क्लॅरोनेट आणि बँड दोन्ही त्याच्याच हाती दिलं होतं. तो हात जोडून म्हणाला, "न्हाई देनार, काका."

कावळ्यांनी ऐकून घेतलं.

मंचरचे कापडवाले पोपटलाल मास्तरांचे जुने स्नेही. त्यांनाही राहवलं नाही. "मास्तर, बँडला नवे ड्रेस माझ्याकडून. लाल कापड, वर सोनेरी झालर." तेवढ्यात एक कावळा उडून ओढ्यापलीकडे गेला. पोपटलाल जरा ओशाळले आणि मागे सरकले.

"दर्भाचा कावळा करून लावू का?" गुरुजींनी हळूच विचारलं. त्यांना दुपारी आणखी एक कार्य होतं.

"खरा पायजे," साळुबाई म्हणाली. सकाळपासून ती तेवढंच बोलली.

मग सोमाजी ढोलवाला उभा राहिला. "मास्तरची शिंफनी राहिली," तो म्हणाला.

ही सिंफनी दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या माणसाने लिहिलेली. खडकीच्या एका म्हाताऱ्या फौजी बँडमास्तराने हाताने उतरवून ती सावळेरामला दिली होती. पाच रेघांवर काळे मुंगळे चालल्यासारखी ती पानं. मास्तरांची एक सवय होती, कुठलंही पान हाती आलं की त्याच्या पाठीवर पेन्सिलीने कुठे मिळालं, कधी मिळालं ते लिहून ठेवायचं. वराती नसल्या की ते बँडला ही सिंफनी शिकवत. चार भाग, मध्ये थांबा, थांब्यात टाळी वाजवायची नाही. "पिक्चरमदी हिरोची आई मरती तवा पाठीमागं जे वाजतं ना, ते हिचंच लेकरू. आपल्या वरातीच्या निम्म्या चाली हिच्याच पोटच्या," असं ते सांगत. पण लोकांसमोर ती एकदाही वाजवली नाही. शेवटचं पान गहाळ होतं. "पान घावलं की वाजवू. अर्दवट वाजवायचं न्हाई," एवढंच म्हणत आणि वरातीची ठरलेली गाणी वाजवायला लागत. असं तीस वर्षं चाललं.

बँडचा टेम्पो वर रस्त्यावर उभाच होता, दुपारी आळेफाट्याला लग्न होतं. वाद्यं आणि सिंफनीची पानं उतरवली. भरतने ओल्या धोतरातच क्लॅरोनेट तोंडाला लावलं.

पहिल्याच दणक्याला बाभळ रिकामी झाली.

"आरं, ज्यासाठी वाजवायचं तेच उडाले की," चिमाजी म्हणाले. पण आता थांबवायचं कसं? इच्छा वाजवल्याशिवाय पुरी होणार नव्हती आणि वाजवलं की कावळा टिकणार नव्हता. गुरुजींनी पोथी चाळून पाहिली. त्यात बँडचा उल्लेख नव्हता.

पहिला भाग संपला. शांतता झाली, तसे कावळे एकेक करून परत आले. एक तर खालच्या फांदीवर उतरला. दोनशे माणसांनी श्वास रोखला. आणि भरतने दुसरा भाग सुरू केला.

"संपलं न्हवतं व्हय?" चिमाजींनी पोपटलालना विचारलं.

"चार असतात. मास्तर मला रोज सांगायचे."

दुसरा भाग इतका संथ आणि दुःखी होता की ज्यांना सकाळपासून रडू आलं नव्हतं त्यांनीही डोळे पुसले. तिसऱ्यात मात्र गडबड झाली. चाल ओळखीची निघाली. पाच-सहा माथी डोलायला लागली. वरातीत नाचण्यात नाव काढलेल्या एका पाहुण्याचे दोन्ही हात सवयीने वर गेले. चिमाजींनी डोळे वटारले तसे ते त्याने तिथेच जोडले आणि आकाशाला नमस्कार घातला.

"हे तर पिक्चरमदलं गानं हाय," मागून कोणी तरी म्हणालं. "मास्तरनं ढापलं व्हय?"

"पिक्चरवाल्यांनी ढापलंय," पोपटलाल दुखावून म्हणाले. "मास्तरांना दशक्रियेत तरी चोर ठरवू नका."

चौथा भाग जोरात चालला होता आणि मध्येच तुटला. पानं संपली होती. सोमाजीची टिपरी हवेतच राहिली. त्या शांततेत एक कावळा खाली आला, पिंडापासून वीतभर अंतरावर थांबला, मान तिरकी करून त्याने भरतकडे पाहिलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.

"पान राहिलंय," चिमाजी खोल आवाजात म्हणाले. "त्याबिगर तो शिवायचा न्हाई."

साळुबाईने कनवटीची पानतंबाखूची चंची काढली. तळाच्या कप्प्यातून तिने घडी घालून घालून पिवळं पडलेलं पान काढलं. आज ते गुपचूप ओढ्यात सोडायचं म्हणून ती घेऊन आली होती.

"माज्याजवळच व्हतं," ती म्हणाली. "मुंबईच्या शिनेमावाल्यांनी बोलावलं व्हतं त्येला. ही समदी वाजवून दाव, मग ठेवून घेतो म्हनाले. गेला असता तर मागं आला नसता. मी पान लपवलं, मग त्यो गेलाच न्हाई." मग मान खाली घालून म्हणाली, "रोज वाटायचं देऊन टाकावं. न्हाई दिलं."

भरतने पान हातात घेतलं, सवयीने आधी पाठ उलटून बघितली आणि बघतच राहिला.

"काय हाय?" साळुबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. पेन्सिलीच्या त्या रेघा तिला कायम वाजवण्याच्याच खुणा वाटल्या होत्या.

चिमाजी, पोपटलाल, गुरुजी, सोमाजी, सगळे त्या पानावर वाकले. भरतने घसा साफ केला आणि वाचलं, "मुक्काम अवसरी. चौदा मार्च एकोणीसशे एकाहत्तर. पान साळूच्या चंचीत सापडले. परत तिथेच ठेवले. मुंबई रद्द."

साळुबाईने पदर तोंडाशी धरला. तीस वर्षं माणूस पान हरवलं म्हणून सांगत राहिला आणि पान कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. तिला मोठ्याने रडू फुटलं. मास्तर गेले त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

"शिवला," अचानक चिमाजी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कावळा केव्हा उतरला ते कोणालाच कळलं नव्हतं. निम्मा पिंड संपला होता आणि आणखी दोघे त्याला सामील झाले होते. दोनशे माणसं कपडे झटकत उठली आणि मांडवाकडे वळली.

"बसा समदी," साळुबाई म्हणाली.

माणसं थबकली. तिने डोळे पुसले आणि पान भरतच्या हातात नीट उलगडून दिलं.

"मी तिला जलमभर रडगानं म्हनत आले. अजून एकदाबी पुरी ऐकली न्हाई. पहिल्यापासनं वाजव, भरत. आन या टायमाला मदी थांबू नको."

चिमाजींनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा साळुबाईकडे, आणि ते मुकाट्याने खाली बसले. मग सगळेच बसले. बँडने पहिला दणका दिला, पण कावळे आता हलले नाहीत. आमटी मात्र त्या दिवशी दुसऱ्यांदा तापवावी लागली.