आनंदी डुक्कर आणि आमचं अपात्र घर

शनिवारी माझ्या चार मैत्रिणी आमच्याकडे जेवायला येणार होत्या, आणि त्यांना आनंदी डुक्कर खायचं होतं.

दोष वक्तृत्व स्पर्धेचा. 'आमच्या घरी फक्त मोकळ्या कुरणात समाधानाने जगलेल्या प्राण्याचंच मांस शिजतं,' असं मी व्यासपीठावरून ठोकून दिलं. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. यंदा मला कंठ फुटलाय आणि तो बंद कसा करायचा हे शिकायचं राहिलंय. बक्षीस मिळालं. खाली उतरते तोच माझी मैत्रीण चश्मिश म्हणाली, "मग कधी बोलावतेस?"

वस्तुतः आमच्याकडे कोपऱ्यावरच्या खाटकाकडचं मांस येतं. त्या प्राण्याच्या मनःस्थितीची चौकशी आम्ही कधी केलेली नव्हती.

म्हणून मी बाबांना ओढत शेतावरच्या सेंद्रिय दुकानात नेलं. आकड्यांना हॅम टांगलेले, काचेमागे सलामी, सॉसेजची वेटोळी. भिंतीवर डुकरांचे फोटो. आमच्या घरच्या फोटोत एवढं कोणीच हसत नाही.

"कुठे खाणार?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं.

"घरी," बाबा म्हणाले.

"मग आधी घराची तपासणी. आमचं डुक्कर जन्मभर ताणाशिवाय जगलं. शेवटी ते भांडकुदळ घरात गेलं तर सगळ्यावर पाणी."

"अहो, पण ते मेलंय ना!"

"हा सूर," बाई शांतपणे म्हणाल्या, "नेमका हाच सूर आम्हाला चालत नाही."

दुसऱ्या दिवशी प्राणिकल्याण निरीक्षक हजर. ते एरवी डुकरांचे वाडे तपासतात. माणसांसाठी वेगळे निकष अस्तित्वात नसल्याने तेच लावले. त्यांनी माझ्या खोलीला टेप लावली.

"इथे कितीजण?"

"मी आणि दादा."

"एका डुकरालाही अपुरी." मग माझ्याकडे बोट करून आईला, "हिला बाहेर किती वेळ सोडता?"

"शाळेत जाते की! मग क्लास, मग दुसरा क्लास."

"म्हणजे बंदिस्त. शेपट्या चावतात का?"

"कोण?"

"दाटीवाटीत पिल्लं एकमेकांच्या शेपट्या चावतात."

आईने आम्हा दोघांकडे पाहिलं. "शेपट्या असत्या तर ठेवल्या नसत्या."

"आधी हिने माझा चार्जर तोडला!" दादा किंचाळला.

प्रकरण हातचं जातंय हे ओळखून मी पुढे झाले. "सर, आमचं घर म्हणजे प्रेमाचं हिरवंगार कुरण आहे!"

निरीक्षकांनी माझे डोळे तपासले. "खूप ओरडते. झोप पुरत नसावी."

निकाल जागेवरच लागला: अपात्र. इतक्या त्रासलेल्या कुटुंबाने खाणं हा त्या डुकराचा अवमान ठरला असता.

"निदान एखादं सॉसेज तरी?" बाबा काकुळतीला आले.

"एकटं तर मुळीच नाही. ते कळपात वाढलंय."

शनिवारी मी मैत्रिणींपुढे उकडलेले बटाटे ठेवले आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा हातवारे न करता. संपलं, आता वर्गात तोंड दाखवायला जागा नाही, असं मला वाटलं.

"त्या डुकरांना क्लास असतात?" चश्मिशने विचारलं.

"नाही."

"सकाळी उठवतात?"

"जाग येईल तेव्हा उठतात."

तिने बटाटा खाली ठेवला. "तिथे प्रवेश कसा मिळतो गं?"

रविवारी आम्ही पाचहीजणी शेताच्या कुंपणाशी. डुकरं चिखलात लोळत होती. पाचच मिनिटांत आम्ही प्रत्येकीने मोबाइल काढला. निरीक्षक तिथेच होते. आम्हाला न्याहाळत ते सोबतच्या मदतनिसाला म्हणाले, "नीट बघून ठेव. मान खाली, नजर एकाच जागी, शेजारच्याची दखल नाही आणि बराच वेळ हालचाल नाही. असं जनावर दिसलं की आजारी समजायचं."

आम्ही झटकन मोबाइल खिशात कोंबले.

तुम्ही खुशाल हसा. पण हे वाचायला घेतल्यापासून तुमची मान कुठे आहे?